लायसन्सच्या फॉर्मवरचं एक कलम

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांना सोळा पूर्ण झाली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. लायसन्स! इथे कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नाही, रिक्षा नाही, बस असलीच तर दिवसातून चार वेळा. मित्राकडे जायचं तर आईबापाच्या हातापाया पडायचं. त्यामुळे अमेरिकेतल्या पोराला लायसन्सचं महत्त्व काय ते विचारू नका. आपल्याकडे बारावीच्या निकालाला जो मान, तो इथे त्या प्लास्टिकच्या कार्डाला.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या अर्जावर आमच्या राज्यात पालकाची सही लागते. म्हणून मीही गेलो. मोटार खात्याचं ऑफिस, म्हणजे आपलं आरटीओ. एजंट नाहीत एवढाच काय तो फरक. बाकी रांग तीच, टोकन तेच आणि खिडकीमागचा चेहराही तोच. फॉर्म चार पानी. डोळ्यांचा नंबर, उंची, वजन, मेल्यावर डोळे-मूत्रपिंड दान करणार का, मतदार यादीत नाव घालायचं का... मी आपला सह्या ठोकत चाललो होतो. शेवटच्या पानावर बारीक टायपात एक कलम होतं. त्यावरही सही केली. मग, खिडकी लवकर येत नव्हती म्हणून, वाचलं.

मतलब असा: अर्जदार पुरुष असेल आणि वय सव्वीसच्या आत असेल, तर हा अर्ज म्हणजेच सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवायला संमती. अठराच्या आत असेल तर अठरावा वाढदिवस झाला की नोंद आपोआप होईल.

सिलेक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीची यादी. इथले लोक तिला ड्राफ्ट म्हणतात. थोडक्यात, पोराला गाडी चालवता यावी म्हणून त्याच्या बापानं त्याचं नाव उद्याच्या लढाईच्या यादीत घालायला परवानगी दिली होती, आणि तीही न वाचता! तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लायसन्सला मीच सही केली होती. तेव्हा हे कलम तिला लागूच नव्हतं. ते फक्त मुलग्यांसाठी.

रात्री साताऱ्याला फोन झाला तेव्हा बाबांना सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी पाहिजे तर लढाईला चल, असं म्हणतंय का सरकार?"

"तसं नाही हो बाबा. नुसती यादी आहे. १९७३ नंतर कोणाला बोलावलेलं नाही."

"बोलवायचं नाही तर यादी कशाला करतात?"

आमच्या बाबांचे प्रश्न असेच असतात. सरळ, आणि उत्तर द्यायला अवघड. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत जाण्याची परंपरा आहे, अपशिंगे गावाचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. पण तिकडे जो गेला तो भरतीच्या रांगेत आपल्या पायांनी गेला. (परिस्थितीनं ढकलला असेल, तो वेगळा विषय.) सक्तीची भरती आपण स्वतंत्र भारतात कधी पाहिलीच नाही. घटनेच्या तेविसाव्या कलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येईल अशी तरतूद आहे, पण ती लष्करासाठी वापरायची वेळ आली नाही. त्यामुळे बाबांना हा प्रकार समजेना. खरं सांगायचं तर मलाही समजला नव्हता. म्हणून नंतरचे काही शनिवार-रविवार गावच्या लायब्ररीत घालवले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात यादवी युद्धापासून करावी लागते. मार्च १८६३ मध्ये लिंकनच्या सरकारनं नोंदणीचा कायदा केला. सरकारी माणसं घरोघर फिरून तरुणांची नावं लिहून घेत आणि मग चिठ्ठ्या टाकून माणसं उचलत. पण पळवाट होती. ३०० डॉलर भरा आणि सुटा, किंवा आपल्याऐवजी दुसरा माणूस पैसे देऊन पाठवा. तीनशे डॉलर म्हणजे तेव्हा मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी दीडशे डॉलर देऊन बदली माणूस पाठवला होता. श्रीमंतांची लढाई आणि गरिबांचं मरण अशी बोंब उठली आणि जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्क पेटलं. चार दिवस दंगल चालली. सगळ्यात वाईट म्हणजे त्या जमावानं आपला राग काळ्या लोकांवर काढला, काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला. शंभरावर माणसं मेली.

दुसरा प्रयोग पहिल्या महायुद्धात. यादवीतला अनुभव लक्षात ठेवून या वेळी फार हुशारीनं आखणी झाली. घरोघर सरकारी माणूस फिरणार नाही, तर तरुणांनी स्वतः येऊन नाव द्यायचं, तेही नेहमी मतदान होतं त्याच जागी, ओळखीच्या शेजाऱ्यांसमोर. निवड करणार तीही स्थानिक मंडळं, अशी साडेचार हजारांवर. पैसे भरून सुटका बंद. ५ जून १९१७ या एका दिवसात एकवीस ते तीस वयाच्या सुमारे एक कोटी माणसांनी नावं नोंदवली. त्या काळी ना कॉम्प्युटर, ना पंचकार्डाची सोय गावोगावी. मी व्यवसायानं डेटाबेसवाला, त्यामुळे या आकड्यापुढे टोपी काढतो. पण त्याच कार्डावर खाली कोपऱ्यात एक सूचना छापलेली होती: माणूस आफ्रिकन वंशाचा असेल तर हा कोपरा फाडा. गठ्ठ्यातून काळ्यांची कार्डं हाताला लगेच लागावीत म्हणून! काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या ना. डेटाबेसवाल्याच्या भाषेत सांगायचं तर हा एक बिटचा रकाना, कात्रीनं केलेला.

नोंदवलं की एक दाखला मिळे आणि तो खिशात बाळगावा लागे. सप्टेंबर १९१८ मध्ये न्यूयॉर्क आणि आसपास तीन दिवस धरपकड झाली. स्टेशनं, नाटकगृहं, हॉटेलं, सगळीकडे दिसेल त्या तरुणाला अडवून कार्ड मागायचं. नसेल तर गाडीत घालायचं. हजारो लोक कोंडले गेले. त्यातले बहुतेक बिचारे कार्ड घरी विसरलेले किंवा वयात न बसणारे निघाले. खरे चुकार त्यात फार थोडे. या धाडींत पोलीस-सैनिकांबरोबर एक खासगी 'देशभक्त' संघटनाही सामील होती. त्यावर सिनेटमध्ये ओरड झाली आणि तो प्रकार थांबला.

इथे आपल्याकडच्या एका माणसाची आठवण काढायला हवी. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद १९१८ मध्ये अमेरिकन फौजेत दाखल झाले, पगडीसकट. युद्ध संपल्यावर सन्मानानं बाहेर पडले, नागरिकत्व मागितलं, आणि १९२३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या अर्थानं तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. फौजेला चालले, मतदानाला नाही. शेवटी १९३५ साली त्या युद्धातल्या माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला, त्याच्या आधारे त्यांना नागरिकत्व मिळालं. परदेशातून येऊन इथे राहणाऱ्या माणसानं फौजेच्या यादीकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं.

दुसरं महायुद्ध आणि कोरिया मी भरभर ओलांडतो. १९४० साली शांततेच्या काळातला पहिला ड्राफ्ट झाला. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तो वाढवायचा ठराव प्रतिनिधी सभेत २०३ विरुद्ध २०२, म्हणजे एका मतानं पार पडला. पर्ल हार्बर चार महिन्यांवर आलं होतं!

व्हिएतनामपाशी मात्र थांबावं लागेल, कारण आजचं हे सगळं लपूनछपून चालणं तिथून आलंय. कॉलेजात असाल तर सवलत, म्हणजे पुन्हा पैसेवाल्यांची पोरं घरी. त्यावर उपाय म्हणून १ डिसेंबर १९६९ रोजी टीव्हीसमोर सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये भरल्या, एका खासदारानं पहिली कुपी काढली आणि १४ सप्टेंबर ही तारीख निघाली. त्या दिवशी जन्मलेले, एकोणीस ते पंचवीस वयाचे सगळे पहिल्या नंबरात. हा प्रकार आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं कॉलेजच्या वसतिगृहात बसून पाहिला होता. सोडत संपली तेव्हा हॉलमध्ये निम्मे बिअर उघडत होते आणि निम्मे उठून फोनकडे गेले होते, असं तो सांगतो.

गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. कुप्या महिन्याच्या क्रमानं भरल्या होत्या, आधी जानेवारी, शेवटी डिसेंबर, आणि नीट ढवळल्याच नाहीत. त्यामुळे डिसेंबरच्या कुप्या वर राहिल्या आणि आधी निघाल्या. जानेवारीतल्या तारखांचा सरासरी क्रमांक २०१, डिसेंबरातल्यांचा १२१. त्या सोडतीत १९५ क्रमांकापर्यंत बोलावणं गेलं. डिसेंबरच्या एकतीस दिवसांपैकी फक्त पाच दिवस त्या रेषेच्या पलीकडे होते. संख्याशास्त्रज्ञांनी लगेच बोट ठेवलं आणि पुढच्या वर्षी पद्धत सुधारली. पण पहिल्या वर्षीच्या डिसेंबरवाल्यांचं काय? पत्ते नीट न पिसल्यामुळे कोणाला तरी जंगलात जावं लागलं. इंजिनिअरिंगच्या पोरांना यादृच्छिक संख्या शिकवताना हे उदाहरण सगळ्यात आधी सांगावं.

याच काळात कार्डं जाळली जात होती. १९६५ साली काँग्रेसनं कार्ड मुद्दाम नष्ट करणं हा वेगळा गुन्हा केला आणि १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला. मुहम्मद अलीनं एप्रिल १९६७ मध्ये ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर पाऊल पुढे टाकलं नाही. त्याचं विजेतेपद गेलं, ऐन उमेदीची तीन-साडेतीन वर्षं गेली. १९७१ मध्ये कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली, पण ती वर्षं कोण परत देणार? १९७३ च्या मध्यावर सक्तीची भरती संपली, १९७५ मध्ये फोर्ड यांनी नोंदणीही थांबवली. कार्टर आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी भरती चुकवणाऱ्यांना माफी दिली.

आणि त्याच कार्टरनी नोंदणी पुन्हा सुरू केली! डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. काहीतरी करून दाखवायला हवं होतं. जुलै १९८० पासून १९६० किंवा नंतर जन्मलेल्या पुरुषांनी पोस्टात जाऊन कार्ड भरायचं असं ठरलं. कार्टर यांचं म्हणणं होतं की बायकांचीही नोंद व्हावी. काँग्रेसनं ते नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: बायकांना लढाऊ तुकड्यांत घेत नाहीत, मग फक्त पुरुषांची यादी केली तर चालेल. पुढे २०१५ पर्यंत लढाऊ तुकड्यांची सगळी दारं बायकांना उघडी झाली, पण यादी मात्र पुरुषांचीच राहिली. लेकीचा फॉर्म आणि लेकाचा फॉर्म वेगळा का, याचं उत्तर मला त्या निकालात मिळालं.

रेगन यांनी प्रचारात या नोंदणीला विरोध केला होता. निवडून आल्यावर, जानेवारी १९८२ मध्ये, ती चालू ठेवली. पण पोरं येईनात. सरकारच्याच अंदाजानं एका टप्प्यावर पावणेसात लाखांच्या आसपास तरुण नोंद न करता बसले होते. एवढ्यांवर खटले भरणार कसे? म्हणून ज्यांनी सरकारला पत्र लिहून सांगितलं की आम्ही नोंदवणार नाही, अशांना पकडलं. गप्प बसला तो सुटला, खरं बोलला तो अडकला. त्यातलाच एक वेट नावाचा तरुण सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये हरला. एकूण जेमतेम वीस जणांवर खटले झाले आणि १९८६ नंतर एकही नाही. खटल्यांनी उलटंच झालं होतं. वर्तमानपत्रांत नावं आली, सभा झाल्या, आणि नोंद न करणाऱ्याला शेजारीपाजारी हिरो मानू लागले.

मग सरकारनं काठी बदलली. न्यूयॉर्कचे एक खासदार होते, जेराल्ड सॉलोमन. स्वतः मरीन दलात राहिलेले, बोलायला कडक. १९८२ साली त्यांनी दुरुस्ती आणली: नोंद नसेल तर कॉलेजसाठी सरकारी मदत किंवा कर्ज नाही. ही युक्ती मानली पाहिजे. पोलीस नको, कोर्ट नको, वर्तमानपत्र नको. विद्यार्थी स्वतःच फॉर्मवर टिचकी मारणार. विरोधकांचं म्हणणं होतं की श्रीमंताच्या पोराला कर्ज लागतच नाही, म्हणजे काठी फक्त गरिबाच्या पाठीवर. १९८४ मध्ये कोर्टानं दुरुस्ती योग्य ठरवली. पाठोपाठ सरकारी नोकरीलाही हीच अट लागली.

यादी भरायला लोक कुठे शोधायचे, यासाठीही काय काय केलं! राज्याराज्यांच्या मोटार खात्यांकडून लायसन्सच्या याद्या मिळवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि राहिलेल्यांना पत्रं पाठवली. १९८४ मध्ये तर एका आइस्क्रीम पार्लरच्या साखळीची वाढदिवसांची यादी वापरली गेली. त्या पार्लरात वाढदिवसाला फुकट आइस्क्रीम मिळे. कॅलिफोर्नियातल्या दोन पोरांनी काही वर्षांपूर्वी जास्तीचं आइस्क्रीम मिळावं म्हणून जॉनी क्लोमबर्ग नावाचा एक मुलगाच कल्पनेतून तयार केला होता. तो कागदोपत्री अठराचा झाला आणि सरकारनं त्याला पत्र धाडलं, की बाबा रे, नोंदणी कर! बभ्रा झाल्यावर ती यादी परत केली गेली. दुसऱ्याचा डेटा न तपासता आपल्या यादीला जोडला की काय होतं, ते मी रोज ऑफिसात पाहतो. फक्त आमच्याकडे परिणाम म्हणून पत्र जात नाही, चुकीचं बिल जातं.

आता लायसन्सकडे येऊ. भारतातल्या वाचकांना एक गोष्ट विचित्र वाटेल: अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्र नाही. आधार नाही, रेशनकार्ड नाही. असलं काही काढायचं म्हटलं की डावे-उजवे दोघंही खवळतात. म्हणून प्रत्यक्षात ओळखपत्राचं काम राज्य सरकारचं लायसन्स करतं. विमानात चढा, बँकेत खातं काढा, बिअर विकत घ्या, लायसन्स दाखवा. आणि त्या खात्यापाशी नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, फोटो, सगळं एका जागी. असा खजिना दिसल्यावर कोणाला मोह होणार नाही? १९८८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं शाळा सोडणाऱ्या पोरांचं लायसन्स काढून घ्यायला सुरुवात केली. १९९० नंतर अमली पदार्थांच्या गुन्ह्यात लायसन्स सहा महिने रद्द करा, नाहीतर हायवेचे पैसे कापू, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं. त्या दुरुस्तीतही नाव कोणाचं? आपले सॉलोमनच! १९९३ मध्ये मतदार नोंदणी याच खिडकीवर आली, १९९६ मध्ये पोटगी थकवणाऱ्या बापांचं लायसन्स अडवायची सोय झाली. गाडी नीट चालवता येते का, एवढंच तपासायला सुरू झालेलं खातं होतं ते.

लष्करी नोंदणी त्या खिडकीवर आली ती २००० सालाच्या सुमारास. डेलावेअर हे सुरुवातीच्या राज्यांपैकी एक. मग एकेक करत चाळीसहून अधिक राज्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात हे जोडकाम केलं. काही ठिकाणी चौकोनात खूण करायची, नको म्हणता येतं. काही ठिकाणी अर्ज हीच संमती, नको असेल तर लायसन्सही नको. अलास्कात तर तेलाच्या पैशातून दर वर्षी प्रत्येक रहिवाशाला जो वाटा मिळतो, त्यालाही हीच अट आहे. कॅलिफोर्नियात प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले आणि पडले.

विधिमंडळांतली भाषणं वाचताना मला एक गोष्ट जाणवली. युद्धाबद्दल त्यात फारसं कोणी बोलत नाही. मुद्दा काय, तर आमच्या राज्यातली पोरं अज्ञानापोटी नोंद करत नाहीत आणि मग कर्ज, नोकरी, प्रशिक्षण गमावतात. त्यांचं नुकसान टळावं म्हणून हा कायदा. म्हणजे आधी काठी मारायची सोय स्वतः करायची आणि मग काठीपासून वाचवायला म्हणून दुसरा कायदा आणायचा. पण हा मुद्दा पूर्ण खोटा आहे असंही मला म्हणता येत नाही. का, ते सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातला मुलगा. आईवडिलांबरोबर लहानपणी एच-४ व्हिसावर आला. हा व्हिसा असेपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बरोबर. तो बाविसाचा असताना घराला ग्रीनकार्ड मिळालं. पेढे वाटले, सत्यनारायण झाला. पण ग्रीनकार्ड मिळाल्यापासून तीस दिवसांत, वय सव्वीसच्या आत असेल तर, नोंदणी करणं बंधनकारक असतं हे कोणाच्या गावीही नव्हतं. त्याचं लायसन्स ज्या राज्यातलं, तिथे हे जोडकाम नव्हतं. त्यानं सरकारी मदत कधी मागितली नाही, बापानंच फी भरली. सव्विसावा वाढदिवस उलटला की नोंद करतासुद्धा येत नाही, दार कायमचं बंद. अठ्ठाविसाव्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसला आणि प्रश्न समोर आला: नोंदणी केली होती का? नसेल तर मुद्दाम टाळली नाही हे सिद्ध करा. एकतीस उलटेपर्यंत हे बालंट मागे असतं. वकील झाला, प्रतिज्ञापत्रं झाली, त्या खात्याकडून पत्र मागवलं. शेवटी निभावलं. पण केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेतली एक नोकरी त्याला आवडली होती, तिचा नाद त्यानं सोडला. त्याची आई मला म्हणाली, "भाऊजी, आम्ही गॅसचं बिल एक दिवस उशिरा भरलं नाही कधी. आणि पोराच्या नावावर हे!"

कर खात्यात अनेक वर्षं काम केलेल्या एल्गिन नावाच्या माणसाची नोकरी याच कारणानं गेली. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१२ मध्ये निकाल आला तो एवढाच, की तू चुकीच्या दारातून आलास. कायदा योग्य की अयोग्य हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

दुसरी बाजूही पाहा. क्वेकर, मेनोनाइट अशा पंथांचे लोक धर्म म्हणून शस्त्र हातात घेत नाहीत. नोंदणीच्या फॉर्मवर तसं लिहायला जागाच नाही. जे सांगायचं ते प्रत्यक्ष बोलावणं आल्यावर सांगा, असा नियम. अशा घरातल्या मुलानं शेतावरून गावात ट्रक न्यायला लायसन्स मागितलं तर त्यानं काय करायचं? १९१७ मध्ये निदान त्याला शेजाऱ्यांसमोर उभं राहून 'नाही' म्हणता येत होतं. तुरुंगात गेला असता, पण 'नाही' म्हटल्याची नोंद झाली असती. आता त्याला कोणी विचारतच नाही.

आणि एवढं करून यादी कामाची आहे का? बर्नार्ड रोस्टकर यांनी १९८० मध्ये ही नोंदणी उभी केली, १९८१ च्या त्या खटल्यात त्यांचंच नाव आहे. २०१९ मध्ये त्यांनीच एका राष्ट्रीय आयोगासमोर साक्ष दिली की ही यादी निरुपयोगीपेक्षाही वाईट आहे, बंद करा. कारण साधं आहे. अठराव्या वर्षी दिलेला पत्ता पंचविसाव्या वर्षी कोणाचा टिकतो? पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा नियम आहे. मला आजवर तो पाळणारा एकही माणूस भेटलेला नाही.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेनं इराणी जनरल सुलेमानींना मारलं, तेव्हा एका दिवसात इतक्या पोरांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या वेबसाइटवर धाव घेतली की ती कोलमडली. बहुतेकांना आपलं नाव त्या यादीत आहे की नाही, हेच माहीत नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी काँग्रेसनं कॉलेजच्या मदतीची अट काढून टाकली, म्हणजे सॉलोमनची पहिली काठी अडतीस वर्षांनी मोडली. लायसन्सची खिडकी त्यामुळे आणखीच महत्त्वाची झाली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या संरक्षण कायद्यानं तर पुढचं पाऊल टाकलं: आता पुरुषानं नोंद करायची नाही, सरकारी खात्यांकडे असलेल्या माहितीवरून सिलेक्टिव्ह सर्व्हिसनंच ती परस्पर करायची. त्यासाठी वर्षभराची मुदत ठरली. चौकोन नाही, सही नाही, न वाचलेलं कलमही नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या आधारसारखं." मी म्हटलं, अगदी तसं नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं निदान मोबाइल आणि बँकेची सक्ती काढली, पॅनची ठेवली, वाद तरी झाला. इथे या जोडकामावर राज्यांच्या विधिमंडळांबाहेर फारशी कुजबुजही ऐकू आली नाही. सक्ती जितकी मऊ, तितका आवाज कमी.

सही केली त्या दिवशी घरी येताना गाडी चिरंजीव चालवत होते, मी शेजारी जीव मुठीत धरून. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याला ते कलम सांगितलं. म्हटलं, तुझी हरकत असेल तर उद्या जाऊन विचारू, काही करता येतं का. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही सही केलीत ना? मग मला आत्ता का विचारता?" मला उत्तर सुचलं नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

२०२५ मध्ये तो अठराचा झाला. काही आठवड्यांनी त्याच्या नावे एक लिफाफा आला, आत एक कार्ड आणि एक नंबर. त्यानं ते पाहिलं आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं, पिझ्झावाल्याच्या कुपनशेजारी. हिनं दुसऱ्या दिवशी ते काढलं आणि देवघराच्या खणात, आमच्या पासपोर्टांबरोबर ठेवून दिलं.